मुंबई पालिका मुख्यालयाची वारसा फेरी: पैसे वसूल, पण प्रश्न सोबत न्या

निकाल आधीच सांगून टाकतो: जाच. पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच, पण त्यात इमारतीचा काही दोष नाही.

सीएसएमटीसमोरची मुंबई महापालिकेची इमारत रोज लाखो लोक बाहेरून बघतात. आत जायची वेळ येते ती दाखला, तक्रार नाहीतर निविदा यांच्यापायी, आणि तेव्हा माणूस टेबल शोधत असतो, कमानी बघत नसतो. २८ जानेवारी २०२१ रोजी इथे वारसा फेरी सुरू झाली आणि सामान्य माणसाला मान वर करून आतून इमारत बघायची रीतसर सोय झाली. फेऱ्या सुट्टीच्या दिवशी असतात, म्हणजे कार्यालयं बंद आणि जिने मोकळे. कामाच्या दिवशी पास काढून आत गेलात तरी अशा निवांतपणे काही पाहता येत नाही.

फेरीची सुरुवात आत नाही, बाहेर होते, आणि तिथेच लोक घाई करतात. इमारत एका कोनात बसवली आहे. एका बाजूला दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे जुना हॉर्नबी रोड. दुसऱ्या बाजूला महापालिका मार्ग, म्हणजे जुना क्रुकशँक रोड. दोन रस्ते जिथे भेटतात त्या टोकाला मनोरा आणि मागे दोन पंख पसरलेले, असा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आराखडा. त्रिकोणी भूखंडावर इमारत उभी करणं हे कोणत्याही वास्तुविशारदाच्या डोक्याला ताप असतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने याच अडचणीतून दर्शनी बाजू साधली. अरुंद टोकालाच २३५ फूट उंचीचा घुमटाचा मनोरा चढवला, त्यामुळे चौकात कुठेही उभे राहा, नजर तिथेच जाते. समोरचं रेल्वे स्थानकही त्याचंच. पण दोन्ही घुमट नीट बघितले तर कळतं, की त्याने स्वतःचीच नक्कल केलेली नाही. स्थानकात टोकदार कमानींची युरोपीय गॉथिक शैली वरचढ आहे. इथे पौर्वात्य वळणाच्या कमानी आणि कांद्याच्या आकाराचे छोटे घुमट जास्त आहेत.

यामागे एक जुनी खडाखडी आहे, आणि मार्गदर्शकाने ती सांगितली नाही तर आपण विचारावी. पायाभरणी झाली डिसेंबर १८८४ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते. प्रत्यक्ष काम सुरू झालं २५ एप्रिल १८८९ रोजी. मधली चार-साडेचार वर्षं गेली ती मुख्यतः इमारत दिसावी कशी या वादात. मद्रास-बडोद्याकडे नाव कमावलेल्या रॉबर्ट फेलोज चिझमचा आराखडा पूर्ण भारतीय-इस्लामी वळणाचा होता. स्टीव्हन्सचा गॉथिक. शेवटी काम स्टीव्हन्सला मिळालं, पण दगडात उतरलं ते दोन्हींचं मिश्रण. मनोऱ्याखालच्या कमानींसमोर उभं राहून हा वाद डोळ्यांनी वाचता येतो: खालचा सांगाडा गॉथिक, वरची टोपी पूर्वेकडची.

इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. अंदाजपत्रक होतं ११,८८,०८२ रुपयांचं आणि खर्च आला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८ हजारांहून थोडे जास्त वाचले. सार्वजनिक बांधकामात अंदाजपत्रकाखाली काम आटोपल्याचं हे उदाहरण पालिकेने आपल्या निविदा विभागाच्या भिंतीवर फ्रेम करून लावायला हरकत नाही. या कामावर सहायक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते आणि कंत्राटदार व्यंकू बाळोजी कालेवार. स्टीव्हन्सचं नाव सगळे सांगतात. चिरा उभा करणाऱ्यांची ही दोन नावं फेरीत आली तर मार्गदर्शक चांगला आहे असं समजा.

दर्शनी बाजूच्या शिखरावर पंख असलेली एक स्त्रीमूर्ती आहे, 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, या बिरुदाची. खालून साध्या डोळ्यांनी ती फक्त आकृती दिसते. आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण सोबत असली तर फेरीची किंमत दुप्पट होते, हे अतिशयोक्तीने सांगत नाही. इथलं बरंचसं कोरीवकाम खूप उंचावर आहे. प्रवेशासमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, १९२३ सालचा. १८८८ च्या ज्या कायद्यावर पालिका आजही चालते, त्याच्या घडणीत मेहतांचा वाटा होता. तेव्हा हा पुतळा इथे शोभेसाठी बसवलेला नाही.

आत गेल्यावर घुमटाखालचा जिना. इथे थांबा. मार्गदर्शक पुढे सरकला तरी मिनिटभर थांबा आणि मधोमध उभं राहून सरळ वर बघा. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा तर चार कोपऱ्यांचं काय करायचं, हा बांधकामातला फार जुना प्रश्न, आणि कोपऱ्यांतून वळत वर जाणारे दगडी टप्पे हे त्याचं उत्तर. घुमटाचं वजन या टप्प्यांतून कमानींवर आणि कमानींतून खांबांवर उतरतं. म्हणूनच अशा इमारतीत 'हा एक खांब आड येतोय, जरा बारीक करू' असं म्हणता येत नाही. जुन्या कचेऱ्यांमध्ये फाइलींसाठी पोटमाळे चढवताना आणि दरवाजे रुंद करताना नेमकं हेच विसरलं जातं.

सभागृह हा फेरीचा कळस. मूळ मापं अंदाजे ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद, उंची ३८ फुटांच्या वर. सागवानी छत, पॉलिश न केलेलं. रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या. हे सगळं पत्रकात वाचायला मिळतं. पत्रकात नसतो तो हिशोब असा: १८८८ च्या कायद्याने पालिकेचे सदस्य होते ७२. साधारण २,०८० चौरस फुटांच्या खोलीत माणशी जवळपास २९ चौरस फूट. आता निवडून आलेले नगरसेवक २२७. म्हणजे माणशी ९ चौरस फूट, त्यात बाक, टेबलं, माईक, महापौरांचं आसन आणि अधिकाऱ्यांच्या खुर्च्या धरायच्या. शिवाय नामनिर्देशित सदस्य वेगळे. शहराची सभा मोठी झाली, खोली तेवढीच राहिली, आणि तरीही सभा इथेच भरते. हे या इमारतीचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य आहे. हे संग्रहालय नाही, रोज झिजणारं कार्यालय आहे, आणि जतनाच्या दृष्टीने त्यात फायदा आणि धोका सारखाच आहे. वापर असला की गळकं छत त्याच आठवड्यात कुणाच्या तरी टेबलावर ठिबकतं आणि लक्षात येतं. बंद पडलेल्या इमारतीत ते पाच वर्षांनी कळतं, तोवर तुळई कुजलेली असते. उलट बाजूने, वापर असला की वायरी येतात, वातानुकूलन यंत्रं येतात, खिळे येतात.

सन २००० मध्ये याच सभागृहाला आग लागली होती आणि मग ते दुरुस्त करण्यात आलं. म्हणजे आज आपण बघतो त्यातलं काय १८९३ चं आणि काय नंतरचं, हा प्रश्न इथे रास्त आहे. फेरीत तो विचारा. चांगल्या दुरुस्तीत नवं काम लांबून जुन्याशी जुळतं आणि जवळून ओळखू येतं. दोन्ही एकसारखं दिसेल इतकी बेमालूम नक्कल ही जतनाच्या शास्त्रात वाहवा मिळवणारी गोष्ट नाही.

आणि इथे तो कापलेला गुण. फेरी शैली, सन आणि व्यक्ती यांवर भरपूर बोलते. इमारत टिकते कशी यावर कमी. वास्तविक पालिकेच्या मालकीच्या, पालिकेनेच वापरात ठेवलेल्या वास्तूत हा विषय पहिला असायला हवा. १९९५ मध्ये मुंबईने वारसा नियमावली लागू केली, देशात सर्वांत आधी. यादीतल्या वास्तूला हात लावायचा तर वारसा संवर्धन समितीची वाट धरावी लागते. इथे अर्ज घेणारी पालिका आणि अर्ज करणारीही पालिकाच. (एक नेहमीचा घोळ: ही इमारत जागतिक वारसा यादीत नाही. २००४ मध्ये समोरचं स्थानक यादीत आलं, ही इमारत त्याच्या संरक्षक पट्ट्यात येते. २०१८ मध्ये यादीत आला तो ओव्हल मैदानाभोवतीचा परिसर.)

तेव्हा जतनाचं बघणं आपल्यालाच करावं लागतं. ते कठीण नाही. कुठे बघायचं एवढं कळलं पाहिजे. खालच्या खुणा दक्षिण मुंबईतल्या या पिढीच्या कुठल्याही दगडी इमारतीला लागू पडतात, आणि फेरी सुरू होण्याआधी अर्धा तास लवकर जाऊन बाहेरून एक फेरा मारला तर पुरतात.

आधी दगड ओळखा. या इमारतींच्या भिंती साधारणपणे मालाड-कुर्ल्याकडच्या कठीण, पिवळसर-करड्या दगडाच्या. नक्षी, झालर, खांबांची शिरं यांना पोरबंदरचा मऊ, फिकट चुनखडीचा दगड. मऊ म्हणून कोरायला सोपा, आणि मऊ म्हणूनच आधी झिजतो. एकाच भिंतीवर चिरा धडधाकट आणि नक्षीचे नाक-डोळे गेलेले दिसले तर त्याचं कारण हेच.

मग छज्ज्यांच्या खाली बघा. चुनखडीच्या दगडावर जिथे पाऊस थेट धुऊन काढतो तो भाग फिका राहतो. जिथे पाऊस पोचत नाही पण दमट हवा पोचते, तिथे काळा खरपा धरतो. हा नुसता धूर नव्हे. हवेतला गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळून चुनखडीचं जिप्समात रूपांतर करतो आणि ते स्फटिक काजळी धरून ठेवतात. खरपा वरून टणक दिसतो, आत दगड भुसभुशीत झालेला असतो. काही वर्षांनी खरपा पापुद्र्यासारखा सुटतो आणि सोबत कोरीव कामाचा वरचा थर घेऊन जातो. म्हणून तो घासून किंवा वाळूचा मारा करून काढायचा नसतो. बारीक फवाऱ्याने तासन्‌तास भिजवून, नायलॉनच्या मऊ ब्रशने, नाहीतर माती किंवा कागदाच्या लगद्याचा लेप लावून तो हळूहळू सोडवतात. वाळूच्या माऱ्याने इमारत आठवड्यात उजळते खरी, पण दगडाची वरची, काळाने घट्ट झालेली कातडी जाते. पुढच्या पावसाळ्यांत इमारत आणखी वेगाने काळी पडते.

दर्जा बघा, म्हणजे दोन चिऱ्यांमधली भरण. जुनी भरण चुन्याची, मऊ, किंचित खोल. राखाडी, टणक, दगडावर उंचवटा आलेली भरण दिसली तर ती सिमेंटची. हा सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात महाग पडणारा गोंधळ. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. चुन्याचा दर्जा ती वाट देतो आणि झिजायचं तर आधी स्वतः झिजतो. सिमेंट वाट बुजवतं, मग पाणी चिऱ्यातूनच बाहेर येतं, येताना क्षार आणतं, आणि ते दगडाच्या कातडीखाली स्फटिक होऊन तिला फोडतात. तळमजल्यावर भिंतीला पांढरी भुकटी, म्हणजे खार फुटलेला दिसतो तो याचाच. त्यावर तैलरंग किंवा चकचकीत पारदर्शक लेप मारला की फुटणं आणखी वाढतं.

बरोबर पद्धत अशी: जुना दर्जा हातछिन्नीने खरडायचा, ग्राइंडरने नाही, कारण पातं कडा खातं आणि पाच मिलिमीटरची फट दहाची होते. खोली फटीच्या रुंदीच्या किमान दुप्पट, आणि २० ते २५ मिलिमीटरहून कमी नाही. धूळ झटकून फट आधी पाण्याने भिजवायची, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषतो आणि भरण भुगा होऊन पडते. कळीचा चुना किमान पंधरवडा भिजवलेला, महिनाभर असेल तर उत्तम. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग चाळलेली वाळू, किंवा वाळूच्या काही भागाऐवजी सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी. दोन थरांत भरायचं, दाबून, आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायचं. वर ओलं गोणपाट, दोन ते तीन आठवडे. पावसाळ्यात हे काम हाती घेतलं की वाया जातं, चुना पकडायच्या आधी धुऊन निघतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिल-मे मध्ये करायचं तर पाणी मारणारा एक माणूस वेगळा ठेवावा लागतो. कंत्राटात नेमका तोच माणूस गाळला जातो.

भिंतीच्या कोपऱ्यावर किंवा कठड्यावर सरळ रेषेत गेलेली चीर आणि तिच्याकडेने तांबूस डाग दिसला तर आत लोखंडी पट्टी गंजते आहे. त्या काळी मोठे चिरे एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडत. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि दगड आतून फोडतो. वरून चीर बुजवून काही होत नाही. चिरा उघडून आकडा काढायचा आणि जागी स्टेनलेस स्टीलचा बसवायचा.

आणि शेवटी पिंपळ. पन्हळ आणि कठडा यांच्या सांध्यात बघा. रोप वीतभर असताना काढलं तर दहा मिनिटांचं काम. मनगटाएवढं झाल्यावर ओढलं तर दोन चिरे सोबत येतात. तेव्हा कापून, खोडाला भोक पाडून औषध सोडायचं, मुळं मरू द्यायची, मग चिरे सैल करून ती काढायची आणि सांधा चुन्याने भरायचा. नुसतं कापून गेलं की पुढच्या आषाढात दुप्पट पालवी. एखाद्या इमारतीची देखभाल कशी चालली आहे याचा अंदाज संवर्धनाच्या फलकापेक्षा पन्हळींवरून लवकर येतो. पाणी कुठून जातं, पाइप तुंबलेत का, पाइपामागची भिंत हिरवी आहे का. कितीतरी दगडी इमारती पन्हळ साफ न केल्यामुळे खराब होतात, आणि त्या कामाला ना निधी लागतो ना सल्लागार.

हे सगळं बघून आत गेलात की मार्गदर्शकाला विचारायला तीन प्रश्न पुरेत. सभागृहाच्या छतातलं मूळ लाकूड कुठलं आणि आगीनंतरचं कुठलं? वायरी आणि वातानुकूलनाच्या नळ्या दगडाला भोक न पाडता कुठून नेल्यात? दर्जा शेवटचा कधी आणि कशाने भरला? उत्तर आलं तर फेरी उत्तम. नाही आलं तरी बरोबरचे लोक तरी वर बघायला लागतात.

आता व्यवहाराचं. नोंदणी आधी ऑनलाइन करूनच जायचं, दारात जागा मिळेल या भरवशावर नाही. निवडणूक, अधिवेशन, मोठी बैठक किंवा मोर्चा असला की वेळ बदलू शकते, तेव्हा आदल्या दिवशी संदेश तपासा. शुल्कही तिथेच बघा, बदलत असतं. छायाचित्र असलेलं सरकारी ओळखपत्र मूळ न्या, सुरक्षा तपासणी असते, मोठी बॅग नकोच. मराठीतली फेरी हवी असेल तर नोंदणी करतानाच विचारा, गट बघून भाषा ठरली की मग फार काही करता येत नाही. आत कुठे फोटो काढायला चालतं हे आधी विचारून घ्या, कारण हे चालू कार्यालय आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर नेतील ही अपेक्षा ठेवू नका.

जिने आहेत आणि पायऱ्या दगडी. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी लिफ्टची चौकशी आधी करावी. दहा वर्षांखालची मुलं सभागृहापर्यंत कंटाळतात, त्यांना समोरचं स्थानक जास्त आवडतं. प्राणी आणि पक्षी तिथे खूप कोरलेले आहेत. वास्तुकलेच्या आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र वही घेऊन जावं, आणि शक्य तर एकट्याने नव्हे, दोघा-तिघांनी, म्हणजे एक जण ऐकतो आणि एक जण रेखाटतो.

दर्शनी बाजूचे फोटो सकाळीच. दुपारनंतर ऊन समोरच्या स्थानकावर जातं आणि इकडची बाजू सावलीत पडते. म्हणून सकाळची फेरी पालिकेची आणि संध्याकाळ स्थानकाच्या दर्शनासाठी, असा क्रम लावला तर एका दिवसात स्टीव्हन्सच्या दोन्ही इमारती चांगल्या उजेडात होतात. पाय शिल्लक असतील तर चर्चगेटचं पश्चिम रेल्वे मुख्यालय, तेही त्याचंच, चालत वीस मिनिटांवर. सीएसएमटीला लोकल आणि मेट्रो ३ दोन्ही येतात. गाडी आणू नका, उभी करायला जागा शोधण्यात फेरी सुरू होऊन जाईल. हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुखाचा. पण ज्याला दगड आणि पाणी यांचं भांडण प्रत्यक्ष बघायचं आहे त्याने जुलैत, छत्री घेऊन जावं. पन्हळी काम करतात की नाही हे त्याच महिन्यात दिसतं.